क्लिनिकल संशोधनाचे प्रशिक्षण: विद्यावेतनाबरोबर वेळ आणि मार्गदर्शकही विचारा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

वैद्यकीय क्षेत्रातील फेलोशिप, शिष्यवृत्त्या आणि प्रशिक्षण अभ्यासक्रम यांच्या बातम्या व जाहिराती वृत्तपत्रांत नियमितपणे येतात. विद्यावेतन किती, मुदत किती, वयोमर्यादा काय आणि अर्जाची शेवटची तारीख कोणती, एवढा तपशील त्यांत बहुधा असतो. क्लिनिकल संशोधनाच्या, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांच्या सहभागाने होणाऱ्या संशोधनाच्या बाबतीत मात्र एवढ्यावरून ती संधी खरी आहे की नावापुरती, हे काही कळत नाही. प्रशिक्षणार्थीला आठवड्यातला किती वेळ संशोधनासाठी लेखी राखून दिला आहे आणि त्याच्या कामाला जबाबदार असणारा मार्गदर्शक नेमका कोण आहे, यावर ते ठरते. जैवसंख्याशास्त्रज्ञ म्हणून माझी नोकरीची बहुतेक वर्षे डॉक्टरांचे संशोधनाचे आराखडे तपासण्यात आणि त्यांनी गोळा केलेल्या माहितीचे विश्लेषण करण्यात गेली. या दोन गोष्टी जिथे होत्या तिथून संशोधक तयार होताना मी पाहिले आहेत, आणि जिथे त्या नव्हत्या तिथून बहुतांशी प्रमाणपत्रेच बाहेर पडताना पाहिली आहेत. म्हणून हे पत्र.

संशोधनाची पद्धत वर्गात शिकवता येते, याबद्दल दुमत नाही. यादृच्छिक विभागणी (रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे गटांत वाटणे) म्हणजे काय, निष्कर्ष एका बाजूला झुकवणारा पूर्वग्रह कुठून शिरतो, नैतिकता समितीपुढे कोणते कागद ठेवावे लागतात, हे व्याख्यानांतून किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमातून नीट समजते. भारतात पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांना जैववैद्यकीय संशोधनाचा ऑनलाइन पायाभूत अभ्यासक्रम बंधनकारक केला गेला, तोही योग्यच निर्णय होता; निदान सर्वांची परिभाषा तरी एक झाली. अडचण पुढे येते. अभ्यासक्रम पूर्ण केलेला डॉक्टर स्वतःचा पहिला अभ्यास हाती घेतो, तेव्हा त्याला पडणारे प्रश्न कोणत्याही व्याख्यानात नसतात, आणि त्या घटकेला विचारायला कोणी नसेल तर तो आधीच्या एखाद्या थीसिसचा साचा उचलतो. मग दोन वर्षांनी माहितीचा तक्ता घेऊन तो संख्याशास्त्रज्ञाकडे येतो. आधुनिक संख्याशास्त्राचे एक जनक रोनाल्ड फिशर यांनी 1938 साली भारतीय संख्याशास्त्र परिषदेच्या पहिल्या अधिवेशनात अध्यक्षपदावरून बोलताना म्हटले होते की, प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला घेणे म्हणजे बहुधा त्याला शवविच्छेदन करायला सांगणे होय. फार तर प्रयोग कशाने मेला एवढे तो सांगू शकेल. या गोष्टीला आठ दशके उलटून गेली, तरी आमच्या टेबलावर वरातीमागून घोडे येण्याचे थांबलेले नाही.

मार्गदर्शनाखालचे प्रशिक्षण म्हणजे प्रत्यक्षात काय, हे एका उदाहरणाने सांगतो. एका आजारात सध्याच्या उपचाराने 20 टक्के रुग्ण दगावतात असे समजू, आणि नव्या उपचाराने हे प्रमाण किती खाली येईल याची चाचणी घ्यायची आहे. प्रशिक्षणार्थीला वर्षभरात साधारण चारशे रुग्ण मिळणार असतात. तो हिशेब उलटा मांडतो: चारशे रुग्णांत बसेल असा फरक शोधायचा, तर मृत्यूचे प्रमाण 20 वरून 10 टक्क्यांवर यायला हवे, म्हणून तो आराखड्यात तसे गृहीत धरतो. गणित चुकलेले नसते. प्रत्येक गटात सुमारे 200 रुग्ण घेतले की नेहमीच्या निकषांनुसार, म्हणजे 80 टक्के शक्ती (फरक खरोखर असल्यास तो सापडण्याची शक्यता) आणि 5 टक्के सार्थकता पातळी (फरक नसताना तो आहे असे दिसण्याची शक्यता) धरून, आकडा जमतो. अनुभवी मार्गदर्शक इथे एकच प्रश्न विचारतो: या आजारात मृत्यू निम्म्यावर आणणारे औषध तुम्ही आजवर पाहिले आहे का? प्रामाणिक उत्तर बहुधा ‘नाही’ असते. मग 20 वरून 15 टक्के हा पटण्याजोगा फरक धरला की प्रत्येक गटात सुमारे 900 रुग्ण लागतात, एका संस्थेला हे झेपत नाही हे स्पष्ट होते आणि चर्चेचा विषयच बदलतो. आणखी कोणती रुग्णालये बरोबर घ्यावीत, मृत्यूऐवजी रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण असा दुसरा निकष निवडता येईल का, की हा प्रश्न सध्या बाजूला ठेवून त्याआधीचा एखादा छोटा पण सुटणारा प्रश्न हाती घ्यावा, अशा निवडी पुढे येतात. सूत्र पुस्तकात छापलेले असते. ते वापरताना लागणारा विवेक मात्र त्या टेबलाशी बसूनच अंगी येतो, आणि त्यासाठी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्यांना तेवढा वेळ असावा लागतो.

संमती घेण्याचेही तसेच आहे. ‘गुड क्लिनिकल प्रॅक्टिस’चे, म्हणजे चाचण्या नीट आणि नैतिकतेने कशा कराव्यात याचे, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्व 1996 पासून अस्तित्वात आहे, त्याची तिसरी सुधारित आवृत्ती जानेवारी 2025 मध्ये आली, आणि माणसांवरील संशोधनाच्या नीतितत्त्वांचा हेलसिंकी जाहीरनामाही 2024 मध्ये पुन्हा तपासला गेला. हे दस्तऐवज वाचून परीक्षा देता येते. परंतु संमतीपत्र वाचून दाखवल्यानंतर रुग्णाला ‘आता तुम्हाला काय समजले ते तुमच्या शब्दांत सांगा’ असे विचारायचे असते. उत्तरात ‘डॉक्टर म्हणतात म्हणजे चांगलेच असेल’ असे आले, तर सहीसाठी पेन पुढे न करता पुन्हा पहिल्यापासून समजावायला बसायचे असते. ही शिस्त वरिष्ठांना तसे करताना पाहिल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. वरिष्ठ जर ‘सही घेऊन ये’ एवढेच सांगत असतील, तर प्रशिक्षणार्थी तेही तितक्याच लवकर शिकतो.

हे सारे आजच कळले आहे असे नाही. स्ट्रेप्टोमायसिन या क्षयरोगावरील औषधाच्या 1948 सालच्या ब्रिटिश चाचणीनंतर यादृच्छिक चाचण्यांचे शास्त्र विकसित होत गेले, पण त्या करणारे डॉक्टर कसे घडवायचे हा प्रश्न बराच काळ ज्याच्या त्याच्या हौसेवर सोडलेला होता. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे संचालक झालेले जेम्स वाइनगार्डन यांनी 1979 मध्येच इशारा दिला होता की, क्लिनिकल संशोधक ही नामशेष होऊ घातलेली जमात आहे. रुग्णसेवेतून मिळणारे उत्पन्न, शिक्षणासाठी काढलेले कर्ज आणि प्रयोगशाळेतील विज्ञानाचे वाढते वलय या तिहेरी ओढीत तरुण डॉक्टर या वाटेला कमी प्रमाणात येऊ लागले होते. 1995 साली डेव्हिड नेथन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली, तिचा अहवाल 1997 मध्ये आला आणि त्या दशकाच्या अखेरीस त्या संस्थेने रुग्णकेंद्रित संशोधनासाठी वेगळी कारकीर्द-विकास अनुदाने सुरू केली.

या अनुदानांपैकी ‘के-23’ या नावाने ओळखले जाणारे अनुदान मला फार शहाणपणाने आखलेले वाटते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. तीन ते पाच वर्षांच्या या अनुदानात उमेदवाराने आपला किमान 75 टक्के कामाचा वेळ संशोधनाला आणि प्रशिक्षणाला द्यायचा असतो; शस्त्रक्रिया करणाऱ्या शाखांना यात काहीशी सवलत मिळू शकते. अर्जात संशोधनाच्या आराखड्याबरोबर उमेदवार काय शिकणार याचाही आराखडा द्यावा लागतो, आणि मार्गदर्शकाला आपण काय करणार हे स्वतंत्रपणे लिहून द्यावे लागते. शिवाय संस्थेने लेखी हमी द्यायची असते, आणि ती अनुदान मिळेल की नाही यावर अवलंबून ठेवता येत नाही. याचा अर्थ असा की, अनुदान आले तर तुम्हाला वेळ देऊ, असे म्हणून संस्थेला अंग काढून घेता येत नाही. याच्या जोडीला ‘के-24’ हे अनुदान आले, ते मध्यम टप्प्यावरील संशोधकांसाठी. त्यांनी इतरांना मार्गदर्शन करावे म्हणून त्यांच्याच वेळेचे पैसे त्यातून दिले जातात. मार्गदर्शन हे वेळ खाणारे काम आहे आणि वेळ फुकट येत नाही, हे सरकारी कागदावर मान्य होणे मला कोणत्याही विद्यावेतनाच्या वाढीपेक्षा महत्त्वाचे वाटते.

ब्रिटनने 2006 पासून थोडा वेगळा मार्ग धरला. विशेषज्ञ होण्याच्या प्रशिक्षणातच संशोधनाची वाट जोडून दिली गेली: अकॅडेमिक क्लिनिकल फेलो म्हणून तीन वर्षे एक चतुर्थांश वेळ संशोधनासाठी, आणि डॉक्टरेटनंतर क्लिनिकल लेक्चरर म्हणून चार वर्षांपर्यंत निम्मा वेळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या आश्रयाने चालणाऱ्या उष्णकटिबंधीय आजारांच्या विशेष कार्यक्रमाची फेलोशिप विकसनशील देशांतील संशोधकांना साधारण वर्षभर औषध कंपन्यांत किंवा औषधविकास करणाऱ्या संस्थांत पाठवते आणि परतल्यावर मायदेशी काय करणार याचाही विचार त्यात केलेला असतो. भारतात वैद्यकीय संशोधन परिषदेची पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची योजना 1979 पासून चालू आहे, 2008 साली स्थापन झालेल्या इंडिया अलायन्स या संशोधनाला अनुदान देणाऱ्या संस्थेने क्लिनिकल व सार्वजनिक आरोग्य संशोधनासाठी वेगळ्या फेलोशिप ठेवल्या, आणि टाटा मेमोरियल सेंटरने 2015 पासून कर्करोग संशोधनाची पद्धती शिकवणारी निवासी कार्यशाळा घेतली. या शेवटच्या प्रयोगाचे मला विशेष कौतुक आहे. तिथे प्रशिक्षणार्थी स्वतःच्या अभ्यासाची कल्पना घेऊन येतो आणि अनुभवी चिकित्सक व संख्याशास्त्रज्ञ यांच्याबरोबर बसून काही दिवसांत तिचा पुरा प्रोटोकॉल, म्हणजे लेखी आराखडा, तयार करून जातो. घोडे वरातीच्या पुढे असते, हे पाहून माझ्यासारख्याला बरे वाटते.

म्हणजे संधी अगदीच नाहीत असे म्हणता येणार नाही. दुखणे संस्थांच्या आत आहे. फेलोशिप देणारा राखीव वेळेची अट घालतो, संस्था त्यावर सही करते, आणि दुसऱ्या महिन्यापासून ओपीडीत माणूस कमी पडला की पहिली नजर त्या फेलोकडे वळते, कारण तो ‘मोकळा’ दिसतो. मी काम केलेल्या एका संस्थेत (तिचे नाव घेण्याचे कारण नाही) संशोधन फेलोची ड्यूटी पाहिली, तर निवासी डॉक्टरच्या ड्यूटीशी तिचा फरक ओळखू येत नसे. विभागप्रमुखांना दोष देऊन भागणार नाही. दारात रुग्ण उभे असताना संशोधनाच्या नावाने माणूस बाजूला ठेवणे कोणालाही जड जाते, आणि ते जड जावे हेही योग्यच आहे. उपाय एकच आहे, आणि तो खर्चिक आहे: फेलोच्या जागी रुग्णसेवा करणाऱ्या माणसाचा पगार अनुदानातच धरावा. ज्या अनुदानात फक्त फेलोचे विद्यावेतन असते आणि त्याच्या बदली माणसाची तरतूद नसते, त्यातील राखीव वेळेची अट पाळली जाईल अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे.

मार्गदर्शकाविषयी बोलायचे तर आपल्याकडे ‘गाइड’ हा शब्द सर्रास वापरला जातो आणि थीसिसच्या पहिल्या पानावर गाइडचे नाव असतेच. परंतु एकाच गाइडकडे किती विद्यार्थी आहेत, त्याने स्वतः अलीकडे एखादा अभ्यास सुरुवातीपासून शेवटापर्यंत नेला आहे का, आणि प्रशिक्षणार्थीशी तो किती वेळा बसतो, याची नोंद कोण ठेवते? बरे, एकच व्यक्ती आजाराची जाणकार, संशोधनपद्धतीची तज्ज्ञ आणि कारकिर्दीबाबत निःपक्ष सल्ला देणारी असेल, ही अपेक्षाही अवास्तव आहे. त्यातही निःपक्षपणा सर्वांत दुर्मीळ, कारण ज्याच्या प्रकल्पाला तुमचे हात हवे आहेत तोच तुम्हाला ‘आता स्वतंत्र हो’ असे क्वचित सांगेल. म्हणून एक मुख्य मार्गदर्शक, संशोधनपद्धतीसाठी दुसरा आणि विभागाबाहेरचा कुणी तिसरा, असे छोटे मंडळ नेमणे चांगले. लेखकांच्या यादीतील क्रम पहिल्याच बैठकीत लिहून ठेवावा, असेही माझे आग्रहाचे म्हणणे आहे. त्यावरून तुटलेली गुरुशिष्यांची नाती मी इतकी पाहिली आहेत की, हा विषय काढणे अशिष्ट मानण्याचा संकोच आता तरी सोडायला हवा.

आणखी एका वर्गाबद्दल लिहिले नाही तर हे पत्र एकांगी होईल. क्लिनिकल संशोधन डॉक्टर एकटे करत नाहीत. रुग्णाला ठरलेल्या दिवशी तपासणीला बोलावणे, औषधाच्या परत आलेल्या गोळ्या मोजणे, मूळ केसपेपरातील नोंद आणि चाचणीच्या केस रेकॉर्ड फॉर्ममधील आकडा ताडून पाहणे, आणि मॉनिटरने (नोंदी तपासणाऱ्या निरीक्षकाने) काढलेल्या क्वेरींची (शंकांची) उत्तरे देणे ही कामे स्टडी कोऑर्डिनेटर आणि संशोधन परिचारिका करतात. केसपेपरवर रक्तदाब 148 आहे आणि फॉर्ममध्ये 184, अशी अदलाबदल वेळीच पकडणारी व्यक्ती तीच असते. या मंडळींची नेमणूक मात्र बहुधा एका प्रकल्पापुरती असते. प्रकल्प संपला की नोकरी संपते आणि तीन-चार वर्षांत कमावलेले कौशल्य दुसरीकडे जाते. त्यांच्यासाठी बढतीची पायरी नाही, पुढचे प्रशिक्षण नाही आणि मार्गदर्शक तर नाहीच. कारकीर्द-विकासाच्या योजनांत त्यांचा उल्लेखही सापडणे कठीण.

या वर्गाचे मोल 2020 साली जगाने पाहिले. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत मार्च महिन्यात पहिला कोविड रुग्ण दाखल झाला आणि 16 जून रोजी डेक्सामेथासोन या स्टेरॉइड औषधाचा निष्कर्ष जाहीर झाला: व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि प्राणवायू लागणाऱ्यांचे सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. डेक्सामेथासोन दिलेले 2,104 आणि नेहमीचे उपचार मिळालेले 4,321 रुग्ण अवघ्या काही महिन्यांत, पावणेदोनशेच्या आसपास रुग्णालयांतून नोंदले गेले. चाचणीचा साधा आराखडा हे याचे एक कारण होते. दुसरे असे की, त्या देशाच्या आरोग्यसेवेत संशोधन परिचारिकांचे आणि संशोधनाची सवय असलेल्या डॉक्टरांचे जाळे साथीच्या कितीतरी वर्षे आधीच उभे होते. साथ आल्यावर ते उभारायला घेतले असते, तर डेक्सामेथासोनसारख्या स्वस्त औषधाचा उपयोग कळायला आणखी किती काळ गेला असता आणि त्या काळात किती जण दगावले असते, याचा विचार धोरण ठरवणाऱ्यांनी करावा.

असे काम साधनसंपन्न देशांतच होते, हा समजही खरा नाही. 1956 मध्ये मद्रासला क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले, तेव्हा ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेचे वॉलेस फॉक्स यांनी पहिली पाच वर्षे तिथे राहून स्थानिक डॉक्टर, परिचारिका, घरोघरी भेट देणारे आरोग्य अभ्यागत आणि संख्याशास्त्रज्ञ यांच्याबरोबर काम केले. घरी राहून घेतलेले उपचार सॅनटोरियममधील, म्हणजे क्षयरुग्णांच्या निवासी रुग्णालयातील, उपचारांइतकेच गुणकारी ठरतात का, या प्रश्नावरचा 193 रुग्णांचा त्यांचा अभ्यास 1959 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने क्षयरोगाच्या उपचारांची जगभरची रीत बदलली. रुग्णाच्या घरी अचानक जाऊन गोळ्या मोजणे आणि लघवी तपासून औषध घेतल्याची खात्री करणे, अशा कष्टाच्या कामावर तो निष्कर्ष उभा होता. फॉक्स परत गेल्यावरही केंद्राचे काम थांबले नाही. आजची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था ती हीच. पाहुणा तज्ज्ञ चार व्याख्याने देऊन परतला असता, तर हे झाले नसते.

‘आम्हाला कोणी हात धरून शिकवले नाही, तरी आम्ही शिकलोच की’ असे काही ज्येष्ठ म्हणतात. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून एवढेच म्हणावेसे वाटते की, जे शिकले ते आज बोलायला समोर आहेत. जे मधेच सोडून गेले त्यांची मोजणी कोणी केलेली नाही. संख्याशास्त्रात अशा नमुन्यावरून निष्कर्ष काढायला मनाई आहे. शिवाय शिकाऊ संशोधकाच्या चुकांची किंमत तो एकटा देत नाही. फार लहान किंवा चुकीच्या आराखड्याच्या अभ्यासात भाग घेणारा रुग्ण आपला वेळ, आपले रक्त आणि कधी कधी आपला धोका देतो, आणि त्यातून कुणालाच काही कळत नाही.

म्हणून, संपादक महोदय, आपल्या वार्ताहरांना आपल्या माध्यमातून एक विनंती आहे. क्लिनिकल संशोधनाच्या फेलोशिपची वा प्रशिक्षणाची बातमी देताना विद्यावेतनाच्या आकड्याशेजारी राखीव वेळेचा आकडाही विचारावा आणि छापावा. तो वेळ रुग्णसेवेतून काढताना बदली माणूस कोण देणार, मार्गदर्शकाचे नाव काय आणि त्याच्याकडे सध्या आणखी किती जण आहेत, हेही विचारावे. आणि सर्वांत उपयोगाचे म्हणजे, मागील पाच वर्षांतले फेलो आज कुठे काय करत आहेत आणि त्यांपैकी किती जण अद्याप संशोधनात आहेत, याचा तपशील संस्थेकडे मागावा. व्यक्तींची नावे नसली तरी चालतील. हा तपशील तयार करायला कोणत्याही कार्यालयाला अर्ध्या दिवसापेक्षा जास्त वेळ लागू नये. तो द्यायला जी संस्था का-कू करील, तिथे अर्ज करण्यापूर्वी उमेदवाराने निदान एखाद्या माजी फेलोला फोन करून आठवड्यातले किती दिवस ओपीडीत जातात, एवढे तरी विचारून घ्यावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त जैवसंख्याशास्त्रज्ञ